माशाचा शिक्का

पहिल्याच घावाला पहारीची धार उडाली.

आधी कोणाला कळलंच नाही. सेल्बी गल्चचा चौक माणसांनी ओसंडून वाहत होता, बँडवाले गाल फुगवून वाजवत होते, पोरंटोरं दुकानांच्या छपरांवर चढून बसली होती. खाणकामगारांचा दिवस म्हणजे आम्हा तांब्याच्या गावांचा वर्षाचा सण. त्या दिवशी मोंटानाच्या डोंगरात एकही माणूस जमिनीखाली उतरत नाही. सगळे चौकात येतात आणि मंचावरच्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्याकडे बघत बसतात.

कारण खरी मजा त्या ठोकळ्यावर असते. दोघादोघांची जोडी. एकाने घण हाणायचा, दुसऱ्याने पहार फिरवायची, बोथट झाली की घण न थांबवता दुसरी सरकवायची. पाव तासात ज्यांचं भोक जास्त खोल, ती जोडी वर्षभर गावात छाती काढून फिरते. यंदा एका बाजूला आमचे कॉर्नवॉलवाले, दुसऱ्या बाजूला आयरिश. शर्यत दुपारी तीनला. सकाळी फक्त सलामी असते: नव्या पहारीवर एकच हलका घाव, लोकांनी टोप्या उडवायच्या आणि जेवायला घरी जायचं.

आमच्या पीटर हॉकिंगने तो घाव घातला. खणखणीत आवाज यायचा तिथे खट्ट असं काहीतरी वाजलं, आणि धारेचा तुकडा बिस्किटासारखा मोडून खाली पडला. पीटरने दुसरी पहार घेतली. तिचीही तीच गत. तिसरीची धार तर बोटानेच खरवडली गेली.

बँड थांबला.

"जोरीने पोलादाला पाणी नीट पाजलं नाही," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"नीट पाजलं नाही, की मुद्दाम पाजलं नाही?" दुसरा म्हणाला.

जोरी नॅनकॅरो, आमचा लोहार, मंचाजवळच उभा होता. सणासाठी त्याने पांढरी कॉलर चढवली होती. त्याने कप्तान ट्रेगिअरकडे पाहिलं. म्हातारा ट्रेगिअर म्हणजे आमच्या संघाचा कप्तान, एकेकाळचा अजिंक्य घणवाला. जोरीचा बाप खाणीत गाडला गेला तेव्हा त्यानेच या पोराला घरी नेऊन वाढवलं होतं.

"काका, तुम्ही तरी सांगा यांना," जोरी म्हणाला.

ट्रेगिअरने मान खाली घातली. "मी काय सांगू, जोरी? पहारी तुझ्याच आहेत."

जोरीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

*

"बाई, चला लवकर, माझ्या नवऱ्याला गावातून हाकलतायत."

जोरीची बायको टॅमझिन धापा टाकत ऑगस्टाबाईंच्या दारात उभी राहिली, तेव्हा ऑगस्टाबाई क्विल्टर भिंगातून कुठलासा दगड बघत होत्या. त्यांचे यजमान खनिजं तपासायचे. ते वारल्यावर बाईंनी दुकान चालू ठेवलं आणि दगडांबरोबर माणसंही तपासायला लागल्या. कोणाचं काही हरवलं, कोणी कोणाला फसवलं, की लोक पोलिसांआधी त्यांच्याकडे जायचे. पोलिसांतून निवृत्त झालेला बार्ट टूमी त्यांच्या जोडीला असायचा. बार्टचं मन सोन्याचं. डोकं मात्र सकाळी जरा उशिरा उठायचं.

"हाकलतंय कोण?" बाईंनी विचारलं.

"युनियन. तीनच्या आत खरं काय ते समजलं नाही, तर जोरीने ऐरण उचलावी आणि चालू लागावं म्हणे. आयरिश लोकांनी त्याला विकत घेतलं म्हणतात. मीही आयरिशच ना. म्हणून माझ्याकडेही तसेच बघतात."

"पहारी ताब्यात घेताना वाजवून बघितल्या नव्हत्या?" बार्टने पास्टी खातखात विचारलं. पास्टी म्हणजे मटण-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी. तिच्याशिवाय आमच्याकडे कोणी खाणीत उतरत नाही.

"तुम्हाला इतकी वर्षं इथे राहून माहीत नाही?" टॅमझिन वैतागली. "शर्यतीच्या पहारीचा पहिला आवाज दगडाचा. सलामीआधी तिला कोणी टिचकीसुद्धा मारत नाही. मारली तर लोहाराचा अपमान आणि वर अपशकुन."

"म्हणजे काल पहारी चांगल्या होत्या, याला साक्षीदार एकच," ऑगस्टाबाई उठल्या. "खुद्द जोरी."

"आणि त्याच्यावर आज कोणाचाच विश्वास नाही," टॅमझिन म्हणाली.

*

त्या दोन डझन पहारी युनियनच्या सभागृहात नेऊन ठेवल्या होत्या. ओकच्या लाकडाची पेटी, तिला जोरीनेच घडवलेलं कुलूप, आणि शेजारी कप्तान ट्रेगिअर राखणीला बसलेला. वरती भिंतीवर त्याची जुनी विजयाची पहार टांगलेली होती, नव्या पैशासारखी गुलाबी.

"कुलूप कोणी फोडलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"फोडणार कसं? काल संध्याकाळी बँड लावून पेटी माझ्या घरी आणली. कप्तानाच्या खाटेखाली ठेवायची, अशी रीतच आहे. कुलूप लावलं ते आज चौकात उघडलं."

"किल्ली?"

"एकच आहे. गळ्यातून काढली नाही मी." म्हाताऱ्याने सदऱ्यातून दोरी ओढली. दोरीला लहानशी गुलाबी किल्ली लोंबत होती.

"काल रात्री घराबाहेर पडला होतात?"

"कंबर मोडलीय माझी. जेवलो आणि झोपलो."

"तुमची ती पहार फार देखणी आहे हो, कप्तान," बार्ट भिंतीकडे बघत म्हणाला. "तांब्याची आहे का?"

ट्रेगिअरच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच जरा तेज आलं. "छे रे, पोलादाचीच. जिंकलो त्या संध्याकाळी तिला निळ्या पाण्यात बुचकळून काढली. तांब्याचं कातडं चढलं. तेव्हापासून आमचा संघ जिंकत आला. गेल्या वर्षीच काय ती दृष्ट लागली."

निळं पाणी म्हणजे खाणीतून उपसलेलं पाणी. त्यात तांबं विरघळलेलं असतं. आमच्या गावातलं शेंबडं पोरही त्यात खिळे बुडवून गुलाबी करतं आणि आईचा मार खातं.

बाई पहारींवर वाकल्या. प्रत्येक पहारीला काळं चकचकीत तेल चोपडलेलं होतं. बुडाशी जोरीचा शिक्का, ठोकून उमटवलेला लहानसा मासा. बाईंनी केसातली पिन काढली आणि एका माशाच्या डोळ्यात खुपसून फिरवली. मग ती कागदावर झटकली.

"बार्ट, हे काय दिसतंय?"

"धूळ."

"कुठल्या रंगाची?"

बार्टने भिंगातून पाहिलं. "लालसर. गंज असेल."

"गंज चमकत नाही," बाई म्हणाल्या आणि कागदाची पुडी करून पिशवीत टाकली.

*

जोरी भट्टीत एकटाच बसला होता. विस्तव विझलेला होता. कॉलर काढून त्याने ऐरणीवर ठेवली होती.

"तुझं पिंप कुठलं?" ऑगस्टाबाईंनी थेट विचारलं. "पहारी विझवतोस ते?"

त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी त्याच्याकडून एक नवा खिळा मागितला, दोऱ्याला बांधला आणि पिंपात सोडला.

बार्टच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "आलं लक्षात. याने खाणीचं पाणी भरून ठेवलं आणि त्यात..."

"म्हणून तर बघतेय. दम धर."

तेवढ्यात त्यांनी जोरीला बोलतं केलं. पोलाद कुठून आणलं, किती तापवलं, कुठल्या रंगावर विझवलं. सुरुवातीला तो हो-नाही करत होता. पण कामाचं बोलणं निघाल्यावर माणूस जरा सावरला.

"सगळं माझ्या हातचं होतं, बाई. पेटीच्या पट्ट्या, कुलूप. किल्लीसुद्धा एका मोडक्या कानशीतून घडवली. यंदा एवढा जीव ओतून काम केलं होतं." त्याने कॉलर ऐरणीवरून बाजूला सारली. "त्यांनी वर बघून एक शब्द बोलायला हवं होतं. लोक काय, लोक कोणालाही बोलतात. पण मिस्टर ट्रेगिअरनी बोलायला हवं होतं."

सकाळपर्यंत तो त्यांना काका म्हणत होता.

बाईंनी खिळा वर काढला. करडा होता तसाच. गुलाबीपणाचं नावसुद्धा नाही.

"पावसाचं पाणी," जोरी म्हणाला. "मी दुसरं वापरतच नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "विस्तव पेटवून ठेव, जोरी."

"कशाला?"

"पेटव म्हणते ना."

*

कॉन हार्किन, आयरिश जोडीचा घणवाला, गुत्त्याच्या पायरीवर बसून सफरचंद कापत होता. त्याच्या चाकूचं पातं गुलाबी होतं. बार्टने बाईंना कोपराने ढोसलं, तेही इतक्या जोरात की त्या पडता पडता वाचल्या.

"हार्किन, काल रात्री निळ्या पाण्याच्या पाटावर तू होतास?" बार्टने दरडावून विचारलं.

"रात्री नव्हतो. पण रविवारी गेलो होतो. पुतण्याला चाकू रंगवून दाखवला. का, मनाई झालीय का?"

"जोरीच्या पहारी बिघडल्या तर फायदा तुझा."

हार्किन उभा राहिला. तो उभा राहिला की पायरीवर सावली पडायची. "माझा कसला फायदा, टूमी? तुझ्या जिभेला काही हाड? गेल्या वर्षी मी यांना त्यांच्या उत्तमातल्या उत्तम पहारी असताना हरवलं. यंदा बोथट पहारींना हरवलं तर माझी आजी थडग्यातून उठून हसेल मला. तो लोहार असो की दुसरा कोणी, खरा माणूस शोधून आणा. मला शर्यत हवीय."

"बाई, पातं गुलाबी होतं," बार्ट रस्त्याने कुजबुजला. "पकडायचा का त्याला?"

"गुलाबी पात्यावर पकडायचं तर गावातली निम्मी पोरं तुरुंगात जातील. चल, डबे बघायला जाऊ."

*

गावाबाहेर उतारावर लाकडी पाट बांधलेले आहेत. निळं पाणी त्यांतून वाहतं. पाटांत मोडके पत्र्याचे डबे, जुने रूळ, चुलींची झाकणं असलं लोखंडी भंगार टाकतात. काही दिवसांनी भंगार नाहीसं होतं आणि तळाला तांब्याचा लाल गाळ उरतो. तो गोळा करायचं काम ऐनो राउतिओकडे. फिनलंडचा माणूस. शब्द तोलून खर्च करायचा.

"हे मला आजतागायत कळलेलं नाही," बार्ट म्हणाला. "लोखंडाचं तांबं होतं तरी कसं?"

"होत नाही," ऐनो म्हणाला.

"डोळ्यांनी दिसतंय की."

"लोखंड जातं. तांबं येतं. दोन वेगळ्या गोष्टी." एवढं बोलून त्याने आजचा कोटा संपवला असावा.

"काल रात्री इथे कोणी आलं होतं?" बाईंनी विचारलं.

ऐनोने शेडमधून एक लाकडी चौकट आणली. घरी बनवलेली, गुळगुळीत घासलेली, दोन्ही बाजूंना ओळीने खाचा कोरलेल्या. "सकाळी शेवटच्या पाटात. डबे बाजूला लावून ठेवलेले. नीट."

बार्टने खाचा मोजल्या. दोन डझन. त्याने शीळ घातली.

"आणखी काही?"

"काठावर हे." ऐनोने फडक्यात गुंडाळलेला पास्टीचा कोपरा दाखवला. जाड कड, एकही चावा न घेतलेला. "मी फेकलं नाही. तुमच्या लोकांचं देवाचं असतं ना काहीतरी."

देवाचं नव्हे, टकटक्यांचं. खाणीत भिंतीपलीकडून जी टकटक ऐकू येते, ती करणारी बुटकी भुतं. आमचे कॉर्निश लोक पास्टीचा शेवटचा कोपरा त्यांच्यासाठी ठेवतात. त्यांना खूश ठेवलं की ती कोसळणाऱ्या छताची आधी खबर देतात. आयरिश माणूस हसतो असल्या गोष्टींना. फिनलंडवाल्याला तर त्या माहीतही नसतात.

ऑगस्टाबाई त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मघापर्यंत त्या शिकारी मांजरासारख्या चालत होत्या. आता त्यांच्या तोंडावर एकदम दुःख दिसलं.

"काय झालं, बाई?"

"चोर सापडला, बार्ट. आणि मला वाटलं होतं तितका आनंद होत नाहीये." मग त्यांनी मान झटकली. "ऐनो, पाटातलं चांगलं दाट पाणी दे बरणीभर. आणि बार्ट, तुझ्या दाढीच्या खोक्यातली नवी पात्याची पट्टी हवीय मला."

"नवी? कालच आणलीय मी."

"म्हणूनच."

*

तीन वाजता चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. शर्यत होणार की नाही, जोरी राहणार की जाणार, सगळ्यांना एकाच वेळी सगळं हवं होतं. बायका कडेवरच्या मुलांना घेऊन खुर्च्यांवर उभ्या होत्या. माझ्या छातीत तर घणच वाजत होता.

ऑगस्टाबाई मंचावर चढल्या. हातात निळ्या पाण्याची बरणी. मागे जोरी, टॅमझिन, पीटर हॉकिंग आणि कप्तान ट्रेगिअर.

"बार्ट, तुझा चाकू."

बार्टने नाइलाजाने दिला. बाईंनी तो पाण्यात बुडवून लगेच वर काढला. पातं गुलाबी.

"यात काय नवीन?" कोणीतरी ओरडलं. "हे आम्ही लंगोटात असताना करायचो."

"तुम्हा सगळ्यांना वाटतं की लोखंडावर तांब्याचा रंग चढला," बाई म्हणाल्या. "भिंतीला चुना लावतात तसा. भिंत जागच्या जागी, वर चुना. चूक. इथे देवघेव होते. पाण्यातल्या तांब्याच्या प्रत्येक कणाला दोन इलेक्ट्रॉन कमी असतात. ते त्याला कोणीतरी दिल्याशिवाय तांबं धातू होऊन बाहेर येत नाही. देतं कोण? लोखंड. आणि देऊन टाकलं की ते लोखंड स्वतः पाण्यात विरघळून निघून जातं. देणाऱ्याचं होतं ते ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं होतं ते क्षपण, आणि एकाशिवाय दुसरं कधीच होत नाही. जेवढं तांबं आलं, तेवढं लोखंड गेलं."

"पण कप्तानांची पहार वर्षानुवर्षं धड आहे," पीटर म्हणाला.

"ती बुचकळून काढली होती. जरासं आलं, जरासं गेलं. जास्त वेळ ठेवली तर?" बाईंनी बरणीत चिमटा घालून बार्टची पात्याची पट्टी बाहेर काढली. ती दुपारपासून आत होती. लाल गाळ पुसला, तर खाली कुरतडलेली, खडबडीत कड उरली होती. बाईंनी बोटाने दाबली. धार चुरून पडली.

बार्टच्या तोंडून नकळत हाय निघाली.

सगळ्यांना सकाळचा तो खट्ट आवाज आठवला.

"जोरीच्या पहारी रात्रभर निळ्या पाण्यात होत्या. सकाळी कोणीतरी त्या वाळूने घासून तांबं काढलं आणि वर काळं तेल चोपडलं. पण माशाचा डोळा खोल आहे. तिथे वाळू पोचत नाही." त्यांनी पुडी उघडून पीटरच्या हातावर ठेवली, वर भिंग दिलं.

"तांबं," पीटर म्हणाला. "देवाशपथ, तांबंच आहे."

"जोरीच्या पिंपात साधं पावसाचं पाणी आहे, मी खिळा बुडवून पाहिलाय. म्हणजे पहारी त्याच्या भट्टीतून धड निघाल्या. जे झालं ते पेटीला कुलूप लागल्यानंतर."

"मग आयरिश लोकांनी कुलूप उघडलं," मागून आवाज आला, आणि हार्किनने त्या दिशेने असं बघितलं की आवाज बसला.

"वैरी काय करतो?" बाई म्हणाल्या. "पहारी पाण्यात फेकतो आणि पळतो. हा माणूस घरून चौकट बनवून घेऊन गेला. प्रत्येक पहारीला वेगळी खाच, म्हणजे चारी बाजूंनी पाणी लागेल. ऐनोचे डबे नीट बाजूला रचून ठेवले. आणि काठावर टकटक्यांसाठी पास्टीचा कोपरा ठेवला. घात करायला आलेला माणूस नैवेद्य ठेवतो का? तो यश मागायला आला होता. त्याला वाटलं, बुचकळून पातळ कातडं येतं, तर रात्रभर ठेवल्यावर जाड येईल. जेवढं जाड, तेवढं नशीब बळकट. आता राहिली किल्ली."

बाई कप्तान ट्रेगिअरकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला.

"जोरीने ती कानशीतून घडवली. पोलादाची. गळ्यातून काढली नव्हती, घराबाहेर पडला नव्हतात, आणि तरी ती आज गुलाबी आहे. दोन डझन पहारी मांडायला आणि काढायला माणसाला पाण्यावर किती वेळा वाकावं लागतं? पुढचं मी सांगू, कप्तान, की तुम्ही सांगता?"

म्हाताऱ्याने दोरी गळ्यातून काढली. किल्लीकडे पाहिलं. तिचा रंग बदललाय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं बहुतेक. आमच्या गावात गुलाबी वस्तू कोणाच्या ध्यानात येतात?

"मीच," तो म्हणाला. मग मागच्या रांगांनाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "मीच नेल्या. गेल्या वर्षी हरलो. वाटलं, माझ्या पहारीसारख्या या सगळ्या करू. पोरं मंचावर उघडतील तेव्हा चौक दिपून जाईल. पहाटे काढल्या तर अंगावर खड्डे पडलेले. घासल्या. तेल लावलं. म्हटलं, धार टिकेल." त्याने किल्ली मुठीत धरली. "टिकली नाही. आणि मग कोणीतरी जोरीचं नाव घेतलं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. आयुष्यभर मिळवलेलं नाव जाईल म्हणून गप्प बसलो, आणि माझं नाव वाचवायला या पोराचं जाऊ दिलं."

टॅमझिन रडायला लागली, जोरात, लहान मुलासारखी, आणि जोरीने तिला जवळ घेतलं.

मग हार्किन पुढे आला. "झालं ना सगळं? मग शर्यतीचं काय?"

"पहारी मेल्या रे," पीटर म्हणाला.

"मेल्या नाहीत," जोरी म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "वरचं बोटभर तोडून टाकतो. आतलं पोलाद माझं आहे, ते धड आहे. नवी धार काढून पाणी पाजतो. दिवे लागायच्या आत होतील."

"आम्ही थांबतो," हार्किन म्हणाला. "सूर्य अजून वर आहे."

लोकांनी टोप्या उडवल्या. सकाळच्या सलामीच्या उरलेल्या सगळ्या.

*

विस्तव पेटलेलाच होता. ऑगस्टाबाईंनी उगाच सांगितलं नव्हतं. अडचण एकच, भाता ओढायला कोणी नव्हतं. पीटरला हात राखून ठेवायचे होते. बार्टने दहा-वीस हेलकावे दिले आणि तो धुराने खोकत बाहेर आला.

मग दारातून कप्तान ट्रेगिअर आत आला. त्याने कोट काढून खुंटीला लावला आणि भात्याचा दांडा धरला. जोरीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कंबर मोडलीय ना तुमची?" तो विस्तवाकडे बघत म्हणाला.

"मोडू दे."

"मग जोरात ओढा."

बाहेर गर्दी भट्टीच्या भोवती कडं करून उभी होती. प्रत्येक पहार पिंपात गेली की चर्र आवाज व्हायचा आणि लोक मोठ्याने आकडा म्हणायचे. शेवटचा आकडा म्हणताना अख्ख्या गल्लीचा आवाज एक झाला होता, त्यात आयरिश लोकही होते.

शर्यत कशी झाली म्हणून विचारता? मी तीस वर्षं या शर्यती बघतोय, तशी पाहिली नाही. पीटरच्या पहिल्या घावाला असा आवाज निघाला की डोंगराने तो परत दिला. पाव तास कोणी डोळा मिटला नाही. शेवटी पंचांनी भोकांत काठ्या घालून मापं घेतली. हार्किन जिंकला. नखाएवढ्या फरकाने. त्याने पहिलं काय केलं, तर पीटरच्या सगळ्या पहारी मंचाच्या कडेला ओळीने मांडल्या. एकीचीही धार उडालेली नव्हती. लोक एकेक करून आले, माशावर बोट फिरवून गेले. सकाळी पहिल्यांदा जोरीचं नाव घेणारा माणूसही आला. तो कोण होता ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

जोरीने यातलं काहीच पाहिलं नाही. तो भट्टीतच होता, पालथ्या बादलीवर बसलेला, राखेने माखलेला. समोर भात्याला टेकून ट्रेगिअर. टॅमझिनने दोघांच्या मध्ये एक पास्टी ठेवली आणि ती निघून गेली.

जोरीने अर्धी तोडून म्हाताऱ्याला दिली. दोघे खात राहिले. शेवटी जोरीच्या हातात तेवढा कोपरा उरला, जाड कडेचा. त्याने तो पुढे केला.

"तो टकटक्यांचा असतो," ट्रेगिअर पुटपुटला.

"टकटके काल जेवलेत," जोरी म्हणाला. "तुम्ही खा, काका."